खांबदेवाची खोळ

हिंगवेलचा शिलालेख मी वाचला. पहिल्या 'स्वस्ति'पासून शेवटच्या शापापर्यंत सगळा. मधलं एक अक्षर तेवढं लागलं नाही, पण तिथं ट्रॅक्टर खड्ड्यात गेला होता.

आता हे विसरून जा. हिंगवेलला कुठलाही शिलालेख वाचला गेलेला नाही. मी तर नाहीच वाचला. पुढे कुठं तो तुम्हाला दिसलाच, तर तो तुमच्या चष्म्याचा दोष समजा.

मी प्रशील. राहायला जळगावात, पिंप्राळ्याला. खानदेशातल्या मध्ययुगीन शिलालेखांवर पीएच.डी. करतो. यातलं 'करतो' फार मोठ्या मनानं लिहिलंय. आई शेजारणींना सांगते, "पोरगा दगडाचं शिकतो." शेजारणी विचारतात, "मग खाण घेणार का?" आई म्हणते, "बघू." माझ्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला हल्ली ती एवढंच म्हणते. एकदा जेवताना म्हणाली, "अरे, अजिंठा इथं हाकेच्या अंतरावर. आपलीच लेणी. स्वच्छ, सावलीत. तिथलं का नाही केलंस?" तिला कसं सांगू, की तिथलं सगळं वाचून झालंय.

खरं तर सगळीकडचंच वाचून झालंय. पाटणदेवीला गेलो, बलसाण्याला गेलो, थाळनेरच्या किल्ल्याच्या उतारावरून टेप हातात घेऊन घसरलो. चांगदेवला भर उन्हात दगडावर बसलो आणि पुढचे दोन दिवस उभ्यानं जेवलो. फरकांड्याला झुलत्या मनोऱ्याखाली उभा राहिलो. मनोरा झुलला नाही, उन्हानं मी झुललो. आणि जिथं जावं तिथं कुणीतरी साहेब इंग्रजांच्या काळात घोड्यावरून येऊन, लेख वाचून, छापून, निवृत्त होऊन, मरूनसुद्धा गेलेला. माझ्या वाट्याला त्याच्या तळटिपा.

गावात शिरलं की लोक टेप बघतात. "मोजणीवाले का?" नाही म्हटलं तर रस्ता कुणाच्या शेतातून जाणार ते विचारतात. रस्ता नाही म्हटलं तर मग आलात कशाला, असं तोंड करतात. तो प्रश्न मलाही होताच. शेवटी शेवटी मी रस्ता कुठून जाणार ते सांगायला लागलो. लोक खूश व्हायचे, चहा मिळायचा.

माझ्या गाईड मॅडम शांत बाई. त्या ओरडत नाहीत; चष्मा काढून पुसतात. "प्रशील, एक तरी अप्रकाशित लेख हवा. एक. नाहीतर हा प्रबंध नाही, सहलीचं वर्णन आहे. आणि मुदतवाढ मिळते ती मोजकीच. त्यानंतर नोंदणी रद्द."

तो एक लेख हिंगवेलला होता. म्हणजे नव्हता. म्हणजे होता, पण शेंदराखाली.

हिंगवेल धुळे जिल्ह्यात, पांझराकाठी. जळगावहून सुरतेकडची पॅसेंजर पकडायची, बेटावदला उतरायचं आणि पुढे कुणाच्या तरी मागे बसायचं. एका मित्राच्या हळदीला गेलो असताना गावाबाहेरच्या टेकाडावर मला खांबदेव दिसला. पुरुषभर उंच उभी शिळा. तिच्यावर शेंदराचे इतके थर, की दगडाला पोट सुटलेलं. मधोमध चांदीचे डोळे. पण वर, जिथं निंबाची फांदी वाऱ्यानं घासायची, तिथं शेंदूर टिकत नव्हता. त्या उघड्या जागेत कोरलेले चंद्र आणि सूर्य, आणि त्याखाली अक्षरं: 'स्वस्ति श्री'. पुढची ओळ शेंदरात गडप.

चंद्र-सूर्य म्हणजे दानलेख. आकाशात ते आहेत तोवर हे दान चालावं, असा अर्थ. मी हळदीचं जेवण सोडून नाचलो. आनंदानं नाचायची ती शेवटची वेळ.

"थोडा शेंदूर काढून बघू का?" मी तिथल्या अभिमन आबांना विचारलं. आबा म्हणजे खांबदेवाच्या मानकरी भाऊबंदांतल्या धाकट्या घरचे कर्ते.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुना आंगवरना शर्ट कोनी काढा ते चाली का?"

चालणार नव्हतं. आत बनियन नव्हता.

मग नियम कळला. या शेंदराच्या कवचाला खोळ म्हणतात. ती माणसानं काढायची नसते. देव स्वतः टाकतो, त्याच्या मनात येईल तेव्हा, साप कात टाकतो तशी. मागची खोळ कधी पडली? आबा म्हणाले, "मना आजाना लगनना टाइमले." म्हणजे आजोबांच्या लग्नात. पुढची कधी पडेल? "देवले फोन नंबर दी ठेव."

मी देवाला नाही, तानुअक्काला नंबर देऊन ठेवला.

तानुअक्का थोरल्या घरची सून, आबांची भावजय. नवरा गेलेला, मुलं सुरतेला. दर शनिवारी टेकाडावर चढून खांबदेवावर पळीभर तेल ओतायचं, हा थोरल्या घरचा मान, म्हणजे अक्काचा. तेल ओतलं की मगच बाकीच्या बायकांनी पुढं व्हायचं. लग्नकार्यात पहिलं कुंकू अक्काला, वाटणीच्या भांडणात शेवटचा शब्द अक्काचा, सगळं त्या एका पळीमुळं. धाकट्या घरची सून, म्हणजे आबांची बायको भिकुबाई, या मानाकडे डोळे लावून बसलेली. अक्काच्या गुडघ्यांची चौकशी गावात सगळ्यात जास्त भिकुबाई करायची.

"कसं शे व अक्का, आज चढनी का टेकाड?"

"चढनू व माय. तुले खांदा देवाले बी चढसू."

पुढची काही वर्षं मी एक काम केलं. अक्काला फोन करून विचारलं, "पडली का?"

"नही रे भो. काल जराशी हालनी मायक वाटनं. पन वारा व्हता."

दर महिन्याला पॅसेंजरनं जायचो. अक्का उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा द्यायची. "कितला वाळी गया रे. लगन व्हयनं का तुनं?" नाही म्हटलं की ती देवाकडे बघून म्हणायची, "याले बी वाट देखाले लाई राह्यना का तू?" मग आम्ही दोघं टेकाडावर बसायचो. ती तेल ओतायची आणि मी बघायचो, की माझ्या शिलालेखावर आणखी एक थर चढला. तेल, त्यावर शेंदूर, त्यावर तेल. रुग्णाच्या उशाशी बसावं तसा मी देवाच्या पायथ्याशी बसायचो. गावात माझी ओळख 'खोळवाला' अशी झाली. काही लोक माझ्याकडे संशयानं बघायला लागले, की हा देवाच्या वाईटावर आहे. काहींना वाटलं मी नवस केलाय. एकानं तर विचारलं, "पडली तर मुलगा होणार का मुलगी?"

इकडे मॅडमचा चष्मा पुसून पुसून पातळ झाला, आणि शेवटी त्यांनी सांगून टाकलं, यंदाची जूनअखेर ही शेवटची मुदत.

मे महिन्यात, ज्या उन्हात खानदेशातली कुत्रीसुद्धा भुंकायचं उद्यावर टाकतात, त्या उन्हात अक्काचा फोन आला. "पडनी!"

नुसतं एवढंच. फोन बंद. मी ठसा घ्यायचं सगळं सामान उचललं. जाड कागद, ब्रश, शाई. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकायचा, वरून शाई फिरवायची. अक्षरं पांढरी उठतात. हे सगळं मी घरच्या पाट्यावर इतक्यांदा करून पाहिलं होतं, की आईनं मिक्सर घेतला.

हिंगवेलला पोचलो तर टेकाडावर गर्दी. ढोल. मी धापा टाकत पुढं घुसलो.

खांबदेव उभा होता. लालभडक, ओला, चमकत. अंगावर नवाकोरा शेंदूर. नवे चांदीचे डोळे, घाईत जरा तिरळे बसलेले. चंद्र-सूर्य आणि 'स्वस्ति श्री'सुद्धा लिंपून टाकलेलं. निंबाची फांदी तोडली होती, देवाला त्रास नको म्हणून.

"आबा," माझा आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला, "इतक्यात शेंदूर लावला?"

"मंग?" आबा म्हणाले. "उघडा ठेवाना का त्याले? बठ्ठा गाव देखी राह्यना. त्याले लाज नही का?"

मी सामानाच्या पिशवीवर बसलो. रडू आलं नाही. रडायला ताकद लागते. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला आणि मी तो प्यायलो, कारण नाही म्हणायलाही ताकद लागते.

तेवढ्यात वाद सुरू झाला. पडलेली खोळ तापीत सोडायची असते. पांझरा मे महिन्यात नदी नसतेच, नुसती जागा असते. म्हणून ट्रॅक्टरनं मुडावदला जायचं, जिथं पांझरा तापीला मिळते. पण खोळ मांडीवर कोण धरणार? थोरलं घर धरेल तर धाकटं रुसतं, धाकटं धरेल तर थोरलं. म्हणून रीत अशी, की खोळ भाऊबंदांबाहेरच्या, गावाबाहेरच्या माणसाच्या मांडीवर द्यायची. मागच्या खेपेला म्हणे एका कल्हईवाल्याला धरून बसवलं होतं. तो बिचारा भांडी घेऊन आला होता आणि वरात घेऊन गेला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही लोक देव मानतस नही ना?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. आम्ही बौद्ध."

"मंग ते आजून चांगलं. तुले देवजोडे काही मांगता येवाव नही."

अशा रीतीनं ट्रॉलीत सतरंजीवर मी बसलो आणि माझ्या मांडीवर लाल लुगड्यात गुंडाळलेली खांबदेवाची खोळ. भिंतीच्या पोपड्यासारखी, पण चार बोटं जाड आणि म्हशीच्या रेडकाएवढी जड. समोर तानुअक्का, तेलाची पळी घेऊन. आबा ट्रॅक्टर चालवत होते. बाकी गाव मागून मोटारसायकलींवर.

"लुगडं उघडू का जरा, अक्का? बघायला."

"देख. पन फोटो नको काढू. आंगवरना उतारेल कपडा शे तो. कोना उतारेल कपडाना फोटो काढतस का?"

मी लुगडं बाजूला केलं. बाहेरच्या अंगाला जुने डोळे लटकत होते. मी खोळ उलटी केली, आतलं अंग वर आलं.

आणि ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला. म्हणजे माझ्या कानात.

आतल्या अंगाला अक्षरं होती. ओळीवर ओळी. पहिला शेंदूर दगडावर बसला तेव्हा तो खोदलेल्या अक्षरांत भरला होता, आणि आता जसाच्या तसा उठून आला होता. ठसा! कागद नाही, शाई नाही, ब्रश नाही. अक्कानं आणि तिच्या सासूनं आणि तिच्या सासूच्या सासूनं पिढ्यानपिढ्या मन लावून घेतलेला ठसा. फक्त उलटा. आरशात दिसावा तसा.

मी खिशातून मोबाईल काढला.

"फोटो नको म्हनू ना तुले?"

"फोटो नाही अक्का, आरसा करतोय." मी पुढचा कॅमेरा उघडला. सेल्फीचा. त्यात सगळं उलटं दिसतं, म्हणजे उलटं सुलटं होतं. आधी माझाच चेहरा आला, नाकावर शेंदूर. मग मी मोबाईल खाली आणला आणि यादवकाळ पडद्यावर आला.

मोठ्यानं वाचायला लागलो. मला थांबवणं शक्य नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी वाचत होतो, जे माझ्याआधी कुठल्याही साहेबानं वाचलेलं नव्हतं. अक्काला ओळीओळीचा अर्थ सांगत गेलो. "स्वस्ति श्री, हे तर दगडावर वर दिसत होतंच. पुढं: अमुक शक. अमुक राजाच्या राज्यात. या ग्रामीच्या थोरल्या घरानं, अक्का, थोरल्या घरानं! म्हणजे तुमच्या! देवाच्या दिव्यासाठी तेल द्यावं!"

अक्काचा चेहरा फुलला. "दिवा ते नही लावत आम्ही. डोकावरच वततस."

"तेच तर! दिवा मोडला असेल कधीतरी, तेल चालू राहिलं. आणि त्याच तेलानं लेख झाकला. हुकूम पाळता पाळता हुकूमच बुजवला तुम्ही!" मला हसू आवरेना. पुढची ओळ. "तेल किती? एक पळी. कधी? दिनप्रति. म्हणजे रोज."

"रोज?"

"रोज."

"शनवारे नही?"

"शनिवारचं नाव नाही कुठं. रोज." आणि मी तसाच पुढं वाचत गेलो, कारण बैलाला उतार लागला की तो थांबत नाही. "आणि थोरल्या घरी एक दिवस जरी खंड पडला, तर हा मान धाकट्या घरी—"

इथं ट्रॅक्टर खड्ड्यात गेला. एक अक्षर राहिलं. पण अक्काला त्याची गरज लागली नाही. तिला पुढचं कळलं होतं.

खाली दान मोडणाऱ्याला शाप होता, गाढवाचा वगैरे, तो मी मनातच वाचला.

अक्कानं पळी सतरंजीवर ठेवली. पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, जणू त्यांनी तरी हे ऐकू नये.

"मना सासूनी शनवारच वतं. तिनी सासूनी बी. रोज कोन चढी रे त्या टेकाडवर?"

मी खोळीवरची धूळ फुंकली.

"भिकुबाईना गुडघा चांगला शेतस," ती म्हणाली. मग पुढं, ट्रॅक्टर चालवणाऱ्या दिराच्या पाठीकडे बघत, हळूच: "तुनी काहीच वाचेल नही शे. समजनं?"

"अक्का, माझी पीएच.डी. आहे ही. जूनमध्ये रद्द होईल सगळं."

"मालूम शे मले. कितला वरीसपाई तुले भाकर दी राह्यनू मी?" आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मनाजोडे शनवार शे फक्त रे भाऊ. बाकीना वार कोनाजोडे बी ऱ्हातस."

मोबाईल माझ्या हातात होता. पडद्यावर लेख स्पष्ट, सुलटा, स्थिर. अंगठा बटणावर. एकदा दाबलं की अप्रकाशित लेख, प्रबंध, पदवी, आणि आईला 'बघू' सोडून म्हणायला दुसरा एखादा शब्द. अक्का बघत होती. अडवत नव्हती. अडवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

पडदा आपोआप विझला. मी परत पेटवला नाही. याला त्याग वगैरे म्हणू नका. मी दमलो होतो. आणि दमलेल्या माणसाला दुसरा दमलेला माणूस लगेच ओळखू येतो, एवढंच.

मुडावदला संगमावर बऱ्यापैकी पाणी होतं. ढोल वाजला. मी कमरेइतक्या तापीत उभा, खोळ हातांवर. आबा काठावर आले. त्यांचं वाटेभर लक्ष होतं तर.

"काय रे खोळवाला, तू मोठमोठाथीन काय वाची राह्यंता? काही लिखेल शे का मझार?"

ढोल थांबला. भिकुबाई दोन पावलं पुढं आली. अक्का पळीकडे बघत होती.

"काही नाही आबा," मी म्हणालो. "नुसते वळ आहेत. छिन्नीचे. मी आपला पाढे म्हणत होतो, झोप येऊ नये म्हणून."

"ह्या!" आबा म्हणाले. "इतला शिकीसन पाढा म्हनस?"

मी हात सोडले. वाटलं होतं जरा तरंगेल, निरोप घेईल. दगडासारखी गेली. वर लाल तवंग आला आणि त्यावर तेल, रंगीबेरंगी. तेवढंच सरळ वाचता आलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हणजे असं समजा, की एका कल्पित गावाबद्दल सांगितलं. चष्मा पुसल्याचा आवाज येत नाही, तरी मला आला.

"पुरावा?"

"तापीत."

"दगड?"

"शेंदरात."

"मग आता?"

"देव परत खोळ टाकील तेव्हा, मॅडम."

"अर्ज कर," त्या म्हणाल्या. "मी सही करते. माझीही निवृत्ती आलीच आता."

तो अर्ज असा:

'मा. कुलसचिव महोदय यांस सविनय सादर. विषय: प्रबंध सादर करण्यास मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदाराने मौजे हिंगवेल येथील शिलालेख अद्याप वाचलेला नाही व सदर लेखात थोरले घर, धाकटे घर, वार वा गुडघे यांबाबत काय नमूद आहे याची अर्जदारास कोणतीही कल्पना नाही. सबब, संबंधित देव स्वेच्छेने पुढील खोळ टाकेपर्यंत अर्जदारास मुदतवाढ देण्यात यावी. सदर कालावधीत श्रीमती तानुबाई यांचा शनिवार अबाधित ठेवण्यात यावा, आठवड्यातील उर्वरित वार त्यांच्या बाबतीत शासकीय सुट्टी म्हणून गणण्यात यावेत, आणि खोळ पडतेवेळी अर्जदार हयात नसल्यास त्याची मौखिक परीक्षा त्याच्या गैरहजेरीत, टेकाडावर, सावलीची सोय करून घेण्यात यावी, ही नम्र विनंती.'